‘वन बाय टू’ अमेरिकेत: ॲपेटायझर आणि ऑनट्रे वाटून खाताना

पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ‘एक मंचाव, वन बाय टू’ म्हटलं की वेटर पुढचं काही न विचारता दोन बोल आणून ठेवतो. दोन भाज्या, एक डाळ, सहा रोट्या मध्ये ठेवायच्या आणि ज्यानं त्यानं हवं तेवढं वाढून घ्यायचं. हे वेगळं सांगावं लागेल असं आपल्या मनातही येत नाही. अमेरिकेतल्या कॅज्युअल रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे चिलीज, ॲपलबीज, ऑलिव्ह गार्डन, टेक्सस रोडहाउस, चीजकेक फॅक्टरी अशा चेनमध्ये किंवा गावातल्या एखाद्या बर्गर-पास्ताच्या ठिकाणी, वाटून खायला सहसा कुणाची हरकत नसते. शेजारच्या टेबलावरचे अमेरिकन लोकही तेच करत असतात. पण तिथली यंत्रणा माणशी एक ताट धरून चालते. कुठल्या खुर्चीला कुठला पदार्थ हे सर्व्हर, म्हणजे वेटर, ऑर्डर घेतानाच नोंदवतो, किचन त्याप्रमाणे ताटं लावतं आणि बिलही त्याच नोंदीवरून फुटतं. म्हणून वाटून खायचं असेल तर ते तोंडानं सांगावं लागतं, आणि तेही ऑर्डरच्या सुरुवातीला. मागाहून सांगितलं तरी बहुतेक जण जमवून घेतात, पण तोवर सूप एकाच्याच पुढ्यात येऊन निवलेलं असतं.

आणि ‘वन बाय टू’ हे शब्द तिथे कुणालाही कळत नाहीत. काय म्हणायचं ते पुढे येईल.

जाण्याआधी जवळ काय असावं

- क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. भारतातलं कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा.
- १ आणि ५ डॉलरच्या थोड्या नोटा. टिप रोख द्यायची झाली किंवा हिशेब फोडायचा झाला तर उपयोगी पडतात.
- मद्य घेणार असाल तर वयाचा पुरावा. अट २१ वर्षांची आहे आणि केस पिकलेल्यालाही विचारू शकतात. अमेरिकेतलं लायसन्स नसेल तर मूळ पासपोर्ट न्या, फोनमधला फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही.
- रेस्टॉरंटचा मेनू फोनवर आधी पाहून ठेवा. टेबलावर बसल्यावर सहा जणांनी पहिल्यांदा मेनू वाचायला घेतला की सर्व्हर तीन वेळा येऊन जातो आणि शेवटी घाईत काहीतरी मागवलं जातं.

१. आधी शब्द

मेनूवर ‘एन्ट्री’सारखा दिसणारा जो शब्द असतो, त्याचा उच्चार ‘ऑनट्रे’ आणि अर्थ मुख्य जेवण. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रेलियात हाच शब्द सुरुवातीच्या पदार्थाला वापरतात, त्यामुळे तिकडून आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो. सुरुवातीचे पदार्थ म्हणजे ‘ॲपेटायझर’, बोलताना नुसतं ‘ॲप’. ‘स्टार्टर’ म्हटलेलंही कळतं. ‘साइड’ म्हणजे मुख्य पदार्थाबरोबर येणारी किंवा वेगळी मागवता येणारी छोटी वाटी: फ्राइज, भात, ब्रोकोली, मॅश्ड पोटॅटो, कोलस्लॉ. बऱ्याच ऑनट्रेंबरोबर एक किंवा दोन साइड येतात आणि त्या तुम्ही निवडायच्या असतात.

‘बिल’ला तिथे ‘चेक’ म्हणतात. ‘पार्सल’ हा शब्द अजिबात वापरू नका, त्याचा अर्थ तिथे कुरियरचं खोकं. ‘टू-गो बॉक्स’ म्हणा. ढोबळी मिरची ‘बेल पेपर’, वांगं ‘एगप्लांट’, भेंडी ‘ओक्रा’, काटे-चमचे ‘सिल्व्हरवेअर’. ‘बिस्किट’ मागवलंत तर पार्ले-जी येणार नाही, लोणी घातलेला मऊ, खारा पाव येईल.

आता फसवी नावं, कारण वाटून खाताना एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या टेबलाला होते:

- बफेलो विंग्जमध्ये म्हैस नाही. कोंबडीचे पंख असतात ते. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये १९६४मध्ये हा पदार्थ सुरू झाला, त्यावरून नाव पडलं. सॉस म्हणजे मुख्यतः तिखट लाल मिरचीचा सॉस आणि लोणी.
- हॅम्बर्गरमध्ये हॅम नसतं, बीफ असतं.
- ‘चिकन फ्राइड स्टेक’ हे बीफ आहे. फ्राइड चिकनसारखं पिठात घोळवून तळतात म्हणून ते नाव. चिकन खाणारे पण बीफ न खाणारे इथे सर्रास फसतात.
- ‘चिली’ ही मिरची नव्हे. बीफचा खिमा आणि बऱ्याचदा राजमा घातलेला दाट रस्सा असतो. ‘चिली चीज फ्राइज’ हे नाव वाचून मिरची-चीजची कल्पना करू नका.
- ‘पेपरोनी’त मिरी असेल, पण ते डुकराच्या आणि बीफच्या मांसाचं सॉसेज आहे.

२. किती मागवायचं

इथे सगळ्यात जास्त पैसे आणि अन्न वाया जातं. भारतात स्टार्टर म्हणजे माणशी दोन तुकडे. अमेरिकेतलं ॲपेटायझर बऱ्याचदा एकट्या माणसाचं पूर्ण जेवण असतं. नाचोजचं ताट चार जणांच्या मध्ये ठेवावं एवढं मोठं येतं.

आकार कळण्याची एक सोपी युक्ती मेनूवरच छापलेली असते. २० किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या चेनना ७ मे २०१८पासून प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे. दिवसाला २,००० कॅलरी हा सर्वसाधारण आधारही त्याच मेनूवर बारीक अक्षरात असतो. आकडा आहार मोजण्यासाठी दिलेला असला तरी ताट किती मोठं येणार हे ओळखायला तो उत्तम. ठोकळमानानं असं धरा: ६०० कॅलरीपर्यंतचं ॲपेटायझर दोघांत संपतं, १,००० च्या वरचं तिघा-चौघांचं, आणि ज्या ऑनट्रेसमोर १,४०० किंवा जास्त आहे तो दोघांना बिनधास्त पुरतो. नुसत्या चीजनं आकडा फुगलेला असू शकतो, म्हणून शंका असेल तर सर्व्हरला सरळ विचारा: ‘इज धिस बिग इनफ फॉर टू?’ बहुतेक सर्व्हर प्रामाणिक उत्तर देतात.

माणसांप्रमाणे सुरुवात अशी करा:

- दोघं: १ ॲपेटायझर, १ ऑनट्रे, वर १ साइड किंवा साइड सॅलड.
- तिघं: १ ॲपेटायझर, २ ऑनट्रे.
- चौघं: २ ॲपेटायझर, ३ ऑनट्रे. लहान मुलं असतील तर २ ऑनट्रे आणि १ किड्स मील.
- सहा जण: २ किंवा ३ ॲपेटायझर, ४ ऑनट्रे.

कमी पडलं तर मागाहून मागवता येतं, आणि ॲपेटायझर साधारण दहा-पंधरा मिनिटांत येतं. उलट, एकदा किचनला गेलेली ऑर्डर परत घेता येत नाही. कॉलेजातली मुलं बरोबर असतील तर हे गणित विसरा आणि माणशी एक ताट मागवा.

ऑर्डर देण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. काही ठिकाणी पाव, रोल किंवा चिप्स-साल्सा फुकट येतात: टेक्सस रोडहाउसचे दालचिनीच्या लोण्याबरोबरचे रोल, मेक्सिकन पद्धतीच्या बऱ्याच ठिकाणचे टॉर्टिया चिप्स. हे येणार असेल तर एक ॲपेटायझर कमी करा. आणि मेनूत ‘टू फॉर’ असं काही दिसतंय का बघा. एक ॲपेटायझर आणि दोन ऑनट्रे ठरावीक किमतीत, अशी योजना काही चेनमध्ये असते. दोन माणसांना दोन वेगळे ऑनट्रे खायचे असतील तर ती बहुधा स्वस्त पडते. तसंच ‘सॅम्पलर’ म्हणजे तीन-चार ॲपेटायझर थोडी थोडी एकाच ताटात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना बरं, पण तुकडे सहसा मोजके असतात, तेव्हा पाच जणांत तीन मोझरेला स्टिक (चीजच्या तळलेल्या काड्या) अशी वेळ येऊ शकते. ‘हाऊ मेनी पीसेस?’ हे विचारण्यात काही कमीपणा नाही.

३. काय वाटता येतं आणि काय नाही

सहज वाटता येणारे पदार्थ: नाचोज, केसाडिया, मोझरेला स्टिक, स्पिनच-आर्टिचोक डिप, फ्लॅटब्रेड, पिझ्झा, पास्ता, मोठं सॅलड. केसाडिया, म्हणजे चीज भरून दुमडलेली पोळी, त्रिकोणी तुकडे करूनच येतो.

फहिता वाटून खायला सगळ्यांत चांगला. आपल्याकडच्या सिझलरसारखा धूर काढत तव्यावर येतो: कांदा, ढोबळी मिरची, वर चिकन किंवा नुसत्या भाज्या. भात, बीन्स, साल्सा आणि क्रीम बाजूला. अडचण एकच, हे सगळं गुंडाळून खायच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळ्या, एका माणसाच्या हिशेबानं तीन-चारच येतात. म्हणून ऑर्डर देतानाच ‘एक्स्ट्रा टॉर्टियाज’ सांगा. थोडे पैसे लागतील, पण तवा गार होईपर्यंत टॉर्टियांची वाट बघण्यापेक्षा बरं. तवा फिरवू नका, आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवायला सर्व्हरला सांगा.

बर्गर वाटता येतो, पण टेबलावर कापायला गेलात तर आतलं सगळं बाहेर येतं. ‘कॅन यू कट इट इन हाफ?’ म्हटलं की किचन कापून, काडी टोचून पाठवतं. स्टेक वाटणं कटकटीचं, कारण तो किती शिजवायचा यावर दोघांचं एकमत लागतं. एकाला आतून गुलाबी हवा आणि दुसऱ्याला पूर्ण शिजलेला, तर तो बेत सोडा. सूप वाटायचं असेल तर ‘बोल’ घ्या, ‘कप’ नको, आणि जास्तीची रिकामी वाटी आधीच मागा.

काही गोष्टी मात्र वाटायच्या नसतात, आणि इथे नवखे लोक नकळत नियम मोडतात. ‘अनलिमिटेड’, ‘बॉटमलेस’, ‘ऑल यू कॅन ईट’ असं ज्याच्यापुढे लिहिलं आहे ते मागवणाऱ्या एकट्यासाठीच असतं. सूप, सॅलड आणि पावाच्या काड्या पुन्हा पुन्हा मिळणं, सॅलड बार, फ्राइजचं रिफिल, सगळं यात आलं. एकानं घ्यायचं आणि चौघांनी खायचं हे लक्षात आलं तर दुसऱ्या माणसाचेही पैसे लावतात. कोकचं रिफिल फुकट असतं म्हणून एक ग्लास दोन स्ट्रॉ लावून तीन वेळा भरून घेणं हेही त्यातलंच. पाणी हवं असेल तर ‘टॅप वॉटर’ फुकट मिळतं, तेच सगळे पितात. बर्फानं गच्च भरून येतं, नको असेल तर ‘नो आइस’ म्हणा.

४. एकाच टेबलावर शाकाहारी आणि मांसाहारी

नुसतं ‘आय ॲम व्हेजिटेरियन’ पुरत नाही. ‘मीट’ म्हणजे बीफ-पोर्क असं धरून मासे किंवा चिकन चालेल का असं विचारणारे भेटतात. म्हणून यादीच म्हणा: ‘नो मीट, नो चिकन, नो फिश.’ अंडं चालत नसेल तर ‘नो एग’ वेगळं सांगा, कारण तिथे शाकाहारात अंडं बसतं. तळणीच्या आवरणात, ताज्या पास्त्यात आणि चकाकणाऱ्या ब्रियोश पावात अंडं असू शकतं.

लपलेलं मांस साधारण चार वाटांनी येतं.

पहिली वाट, वरून भुरभुरलेलं बेकन. लोडेड फ्राइज, पोटॅटो स्किन्स, लोडेड बेक्ड पोटॅटो, ‘वेज’ (wedge) सॅलड म्हणजे लेट्यूसच्या गड्ड्याची फोड (‘व्हेज’ नव्हे), हिरव्या शेंगांची साइड, बेक्ड बीन्स. आपण कोथिंबीर भुरभुरतो तसं तिथे बेकन. ‘नो बेकन’ सांगून काम भागतं, पण बेक्ड बीन्समध्ये ते आत शिजलेलं असतं, तिथे सांगूनही उपयोग नाही.

दुसरी वाट, ब्रॉथ, म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी. टोमॅटो सूप किंवा भाज्यांचं सूपही चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. मेक्सिकन भातही. फ्रेंच ओनियन सूप सहसा बीफच्या पाण्यातलं असतं. विचारायचं असं: ‘इज इट मेड विथ चिकन ऑर बीफ ब्रॉथ?’

तिसरी, सॉस आणि ड्रेसिंग. सीझर ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे मासे असतात. वूस्टर सॉसमध्येही. रिफ्राइड बीन्स काही ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. मारिनारा हा साधा टोमॅटो सॉस असतो आणि मोझरेला स्टिकबरोबर तो चालतो, पण ‘मीट सॉस’ किंवा बोलोनेजमध्ये खिमा असतो.

चौथी आणि सगळ्यांत दुर्लक्षित, तळणी. मोझरेला स्टिक, ओनियन रिंग, फ्राइज हे बऱ्याच किचनमध्ये विंग्ज आणि कोळंबी तळलेल्या तेलातच तळतात. काही चेन तेलाऐवजी बीफ टॅलो म्हणजे गुरांची चरबी वापरतात. ‘डू यू हॅव अ सेपरेट फ्रायर? व्हॉट ऑइल डू यू यूज?’ असे दोन प्रश्न विचारा. सर्व्हरला माहीत नसेल तर तो किचनमध्ये विचारून येतो, ते त्याचं नेहमीचं काम आहे. ही काळजी अनाठायी नाही: मॅकडॉनल्ड्सच्या अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये बीफचा अंश असल्यावरून हिंदू आणि शाकाहारी ग्राहक कोर्टात गेले आणि २००२मध्ये कंपनीनं एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

मग टेबल कसं लावायचं? शाकाहारी पदार्थ वेगळ्या ताटात मागवा, एकाच नाचोजच्या अर्ध्या भागावर चिकन असं करू नका. चीज वितळून सगळं एक होतं. त्यापेक्षा नाचोज पूर्ण शाकाहारी मागवा आणि ‘चिकन ऑन द साइड’ म्हणजे चिकन वेगळ्या वाटीत मागवा. पिझ्झाचं अर्धं-अर्धं चालतं, पण कापायची सुरी एकच असते. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी वेगळा छोटा पिझ्झा घ्यावा. व्हेज बर्गरची टिक्की बीफच्याच तव्यावर भाजतात, ते टाळायचं असेल तर वेगळ्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये करता येईल का विचारा. काही किचन करून देतात, काही नाही. जैन पद्धतीनं, कांदा-लसूण वगळून खाणाऱ्यांना अशा ठिकाणी (बटाटा चालत असेल तर) बेक्ड पोटॅटो, वाफवलेली ब्रोकोली आणि तेल-व्हिनेगरचं साधं सॅलड याच्या पलीकडे फारसं हाती लागत नाही, तेव्हा बेत ठरवतानाच विचार करा.

‘ॲलर्जी’ हा शब्द खरी ॲलर्जी असेल तेव्हाच वापरा. तो ऐकला की व्यवस्थित चालणाऱ्या किचनमध्ये हातमोजे बदलतात, भांडी वेगळी घेतात, बऱ्याचदा मॅनेजर स्वतः टेबलाशी येतो. आवड-निवडीसाठी तो खर्च केला तर ज्याला शेंगदाण्यानं खरंच श्वास लागतो त्याचं म्हणणं हलक्यात घेतलं जातं. अमेरिकन कायद्यानं नऊ मुख्य ॲलर्जन ठरवले आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, बदाम-अक्रोड-काजूसारखे झाडावरचे कठीण कवचाचे दाणे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि १ जानेवारी २०२३पासून तीळ. सक्ती पाकिटावरच्या लेबलपुरती असली तरी मोठ्या चेन आपल्या वेबसाइटवर पदार्थवार तक्ता देतात.

५. ऑर्डर देताना

दारात होस्टला एकूण माणसं सांगा, मुलंही धरून. काही ठिकाणी सगळे आल्याशिवाय बसवत नाहीत. बसल्यावर तुमच्या टेबलाला एक सर्व्हर ठरलेला असतो, शक्यतो त्यालाच सांगा. चुटकी, टाळी, शुक-शुक नको. नजरेला नजर आली की हात थोडा वर करा, पुरतं.

मग या क्रमानं:

१) ‘वी आर गोइंग टू शेअर एव्हरीथिंग.’ हे पहिलं वाक्य. यामुळे तो खुर्चीवार नोंद करत नाही आणि ताटं मध्ये ठेवायची हे त्याला कळतं. ॲपेटायझरपुरतं वाटायचं असेल तर ‘फॉर द टेबल’ म्हणा.

२) ‘कॅन वी गेट एक्स्ट्रा प्लेट्स अँड सर्व्हिंग स्पून्स?’ प्लेटा बऱ्याच ठिकाणी आपोआप येतात, वाढायचे चमचे जवळजवळ कधीच येत नाहीत.

३) चेक वेगवेगळा हवा असेल तर आत्ताच सांगा: ‘सेपरेट चेक्स, प्लीज.’

४) आधी फक्त ॲपेटायझर सांगा. ‘वी विल स्टार्ट विथ दीज, अँड ऑर्डर ऑनट्रेज लेटर.’

चौथ्या पायरीचं कारण असं. सगळं एकदम सांगितलं आणि सर्व्हरनं एकदम किचनला पाठवलं, तर गर्दी नसेल तेव्हा ॲपेटायझर अर्धवट असतानाच ऑनट्रे येऊन थडकतात. बूथचं, म्हणजे समोरासमोरच्या बाकांमधलं, टेबल लहान, त्यावर पाच ताटं, आणि गरम पास्ता वाट बघत बसलेला. ॲपेटायझर टेबलावर आल्यावर ऑनट्रे सांगितले तर पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आपोआप पडतं. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मात्र किचन तुंबलेलं असतं. तेव्हा सगळं एकदम सांगा, पण वर ‘प्लीज होल्ड द ऑनट्रेज टिल वी आर डन विथ द ॲप्स’ असं जोडा.

एक ऑनट्रे दोघांत घ्यायचा असेल तर विचारा: ‘कॅन द किचन स्प्लिट इट?’ जमलं तर दोन ताटांत नीट लावून येतं. साइड दोन असतील तर एक एक निवडा. सॅलड एकच मिळणार असेल तर दुसरं वेगळं मागवा.

६. वाढून घेताना

उष्ट्या-खरकट्याचा आपला नियम इथे तसाच्या तसा लागू पडतो. फक्त अमेरिकन लोक तो मुख्यतः डिपपुरता बोलून दाखवतात: एकदा चावलेली चिप पुन्हा डिपमध्ये बुडवणं म्हणजे ‘डबल डिपिंग’, आणि ते तिथेही असभ्यच. डिप आल्यावर स्वच्छ चमच्यानं आपल्या प्लेटमध्ये थोडं काढून घ्या, मग हवं तेवढं बुडवा.

ऑनट्रे आल्या आल्या, कुणीही घास घेण्याआधी, वाटणी करून टाका. अर्धं खाल्लेलं ताट दुसऱ्याकडे सरकवणं आपल्या घरात चालत असेल, ऑफिसच्या लोकांबरोबर नको. आणि तिथे आग्रह करण्याची पद्धत नाही. ‘नो, आय ॲम गुड’ म्हणजे खरंच नको. दुसऱ्यांदा विचारू नका. तुम्हालाही कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही, तेव्हा भिडेपोटी पहिल्यांदा ‘नको’ म्हणालात तर मोझरेला स्टिक गेली. शेवटचा तुकडा सगळेच ठेवून देतात, हे मात्र आपल्यासारखंच. ‘एनीवन वॉन्ट धिस?’ विचारून घेऊन टाका.

विंग्ज, फ्राइज, नाचोज, बर्गर, पिझ्झा हातानंच खातात. हाडांसाठी वेगळी प्लेट मागा. मऊ पडलेले तळाचे नाचोज काट्यानं खा.

७. शेअरिंग चार्ज

काही मेनूंच्या तळाशी बारीक अक्षरात ‘स्प्लिट प्लेट चार्ज’ किंवा ‘शेअरिंग चार्ज’ लिहिलेला असतो, साधारण काही डॉलर. एक ऑनट्रे दोघांत घेतलात आणि किचननं दोन ताटं लावली की तो लागतो. बदल्यात काही ठिकाणी दुसऱ्या माणसालाही सॅलड किंवा साइड देतात, तेव्हा तो फायद्याचाच ठरतो. ‘डज दॅट कम विथ अ सेकंड साइड?’ विचारून घ्या. किचनला न सांगता टेबलावर स्वतः वाटून घेतलं तर बहुतेक चेन काही लावत नाहीत. ॲपेटायझर वाटायला हा चार्ज सहसा नसतो.

किड्स मेनू मोठ्यांनी मागवू नये, वयाची अट लिहिलेली असते, बऱ्याचदा १० किंवा १२ वर्षं. हॅपी अवरमधली स्वस्त ॲपेटायझर अनेक ठिकाणी फक्त बारच्या भागात बसलं तरच मिळतात.

८. चेक, टॅक्स आणि टिप

मेनूवरच्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो. तो राज्याप्रमाणे, काही ठिकाणी शहराप्रमाणेही बदलतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, टेक्ससमध्ये बहुतेक मोठ्या शहरांत ८.२५ टक्के. न्यू हॅम्पशरमध्ये विक्रीकर नाही, पण रेस्टॉरंटच्या जेवणावर ८.५ टक्के आहे.

टिप ही बक्षिसी समजू नका. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकानं द्यायचा किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१पासून तो बदललेला नाही. टिप धरून किमान ७.२५ डॉलर व्हावेत अशी अट आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, तरी टिपची पद्धत तीच. रीत १८ ते २० टक्क्यांची, टॅक्सच्या आधीच्या रकमेवर. कूपन वापरलंत तर सूट धरण्याआधीच्या रकमेवर.

वाटून खाल्लं की बिल कमी, पण सर्व्हरचं काम तेवढंच, उलट प्लेटा-चमच्यांच्या फेऱ्या जास्त. म्हणून वाटून खाताना २० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, आणि किचननं फुकट दोन ताटं लावून दिली असतील तर वर दोन-तीन डॉलर ठेवावेत.

न्यू जर्सीतलं दोघांचं उदाहरण: ॲपेटायझर १३, ऑनट्रे २१, साइड सॅलड ६, शेअरिंग चार्ज ४. बेरीज ४४ डॉलर. टॅक्स २.९२. टिप ४४ च्या २० टक्के, ८.८०. एकूण ५५.७२. टेबलावरच्या छोट्या मशीनवर २० टक्क्यांचं बटण दाबलंत तर काही मशीन ती टॅक्ससकट ४६.९२ वर मोजतात आणि ९.३८ दाखवतात. फरक थोडा आहे, पण ‘कस्टम’ बटण असतं हे माहीत असावं.

सहा किंवा आठच्या वर माणसं असतील तर टिप चेकमध्ये आधीच लावलेली असू शकते. ‘ग्रॅच्युइटी’ किंवा ‘सर्व्हिस चार्ज’ हा शब्द शोधा. असेल तर टिपच्या रकान्यात पुन्हा टिप लिहू नका, एक रेघ मारा.

मशीन नसेल तर सर्व्हर कार्ड घेऊन आत जातो. ओटीपी नाही, पिन नाही, हे पाहून दचकू नका. तो दोन पावत्या घेऊन येतो. ‘मर्चंट कॉपी’वर टिप लिहा, एकूण बेरीज लिहा, सही करा आणि ती टेबलावर ठेवा. दुसरी तुमची. चुकून दोन्ही खिशात घालून निघालात तर टिप त्याला मिळतच नाही. फोनवर आधी टिपशिवायच्या रकमेचा मेसेज येईल आणि एक-दोन दिवसांनी टिपसकट रक्कम लागेल. पैसे दोनदा गेले असं समजून बँकेला फोन करू नका.

हिशेब फोडायचे तीन मार्ग आहेत. वेगळे चेक: यात वाटलेलं ॲपेटायझर सगळ्यांत समान फोडून द्यायला सांगता येतं. दोन-तीन कार्डं देऊन ‘स्प्लिट इट इव्हनली’. किंवा एकानं भरायचं आणि बाकीच्यांनी झेल, व्हेन्मो अशा फोनवरून पैसे पाठवायच्या सेवांवर पाठवायचं. नव्यानं आलेल्याचं अमेरिकेतलं बँक खातं उघडेपर्यंत तिसरा मार्ग त्याला बंद असतो, तोवर रोख. आणि एकानं बीअर घेतली, दुसऱ्यानं पाणी, तर ‘इव्हनली’ म्हणण्याआधी पाणीवाल्याकडे बघा.

९. उरलेलं घरी नेणं

यात कुणाला काही वाटत नाही. ‘कॅन वी गेट अ बॉक्स?’ म्हटलं की सर्व्हर रिकामा डबा आणून देतो, भरायचं तुम्ही. अनलिमिटेड पदार्थांचं उरलेलं बऱ्याच ठिकाणी नेऊ देत नाहीत. मोठा ऑनट्रे एकट्यासाठीच मागवला असेल तर तो आल्यावर लगेच डबा मागून अर्धा त्यात काढून ठेवा, म्हणजे ते उष्टंही होत नाही आणि दुसऱ्या दिवशी घरच्या कुणालाही देता येतं.

अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. बाहेर ९० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या वर उकाडा असेल तर एका तासात. जेवून थेट सिनेमाला जाणार असाल तर डबा मागूच नका, उन्हाळ्यात गाडीत ठेवलेला पास्ता टाकावाच लागतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना आतपर्यंत १६५ अंश फॅरनहाइट व्हायला हवं, म्हणजे वाफा निघेपर्यंत.

सॅलडवर ड्रेसिंग घातलं की ते दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, नेण्याचा विचार असेल तर ‘ड्रेसिंग ऑन द साइड’ मागवा. डिप आणि सॉस झाकणाच्या छोट्या कपात वेगळे मागा. फ्राइज मायक्रोवेव्हमध्ये रबरासारखे होतात, तव्यावर थोड्या तेलात परता किंवा एअर फ्रायरमध्ये चार-पाच मिनिटं ठेवा. फहिताच्या उरलेल्या भाज्या पोळीत गुंडाळून डब्याला चालतात. नाचोज मात्र तिथेच संपवा.